डबल स्टँडवरची गाडी

आमच्या घरमालकाला मोटारसायकल चालवता येत नव्हती. ही गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती, फक्त त्याच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. ज्याच्या खोलीत राहायचं त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे सांगायला भाडेकरू जात नाहीत. मीही त्याला तोंडावर अहो-जाहो करत होते. आता तो नाही, आणि मला कोणाच्या खोलीत राहायचं नाही.

श्रीरामपुरात रेल्वे रुळांच्या बाजूला त्याच्या खोल्यांची एक रांग होती. पुढे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं घर. मी जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला होते. नवरा गेल्यावर रुळांकडची शेवटची खोली मला मिळाली. गाडी गेली की भिंत हलायची, म्हणून ती दुसरं कोणी घेत नव्हतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. भाडं तो माझ्या हातातून घेत नसे. उंबऱ्यावर ठेवायला सांगायचा आणि मी पाठ फिरवली की उचलायचा. नोटा त्याला चालायच्या, हात चालत नव्हता.

मोटारसायकल त्याच्या ओट्यासमोर डबल स्टँडवर उभी असायची. शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा. दुकानातून आली तेव्हा सीटवर प्लास्टिक होतं ते त्याने काढलंच नाही. उन्हाने ते पिवळं पडलं, कडक झालं, त्यावर बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

सकाळी अंघोळ आणि पूजा झाली की तो बाहेर यायचा. खाली पायजमा, कानाला मफलर, डोळ्यांना काळा गॉगल. देवापुढची उरलेली उदबत्ती आधी गाडीच्या दिव्याभोवती ओवाळायचा. मग किक मारायची, मग वर चढून बसायचं. स्टँडवरच. तो गिअर टाकायचा आणि मागचं चाक हवेत गरगर फिरायला लागायचं. पुढचं चाक फरशीवर गप्प उभं, आकड्यांचा काटा शून्यावर. हा मात्र हँडलवर पुढे वाकून, तोंड वाऱ्याला दिल्यासारखं करून बसलेला. मध्येच एका अंगाला थोडा कलायचा, म्हणजे वळण आलं असावं. समोरून कोणी बाई हंडा घेऊन गेली की हॉर्न वाजवायचा.

"बाजूला व्हा! दिसत नाही का, गाडी चालू आहे!"

आणि बाया बाजूला व्हायच्या. उभ्या गाडीला वाट करून देणारी माणसं मी तिथेच पाहिली.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "चालवणारे गावभर आहेत. राखणारा एक दाखवा." कोणी गाडीकडे बघत उभा राहिला की त्याला हे ऐकायला लागायचंच.

चालवणारे खरंच गावभर झाले होते. नव्वदनंतरची ती वर्षं. त्याआधी आमच्या बाजूला फटफटी म्हणजे फौजदाराची, नाहीतर बागाईतदाराची. मोठी, तेल पिणारी, लांबून ऐकू येणारी. मग या शंभर सीसीच्या बारक्या गाड्या आल्या. वाटीभर पेट्रोलवर बेलापूरला जाऊन यायच्या. दूधवाल्यांनी कॅन लटकवले, कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिप बॉयांनी ऊस बघत शिवारं पालथी घातली, मास्तर शाळेवर जायला लागले. समोरच्या घरात एक ख्रिस्ती मास्तर राहायचे, ते रविवारी बायको आणि दोन पोरं एकाच गाडीवर घालून चर्चला जायचे, टाकीवर एक आणि दोघांच्या मध्ये एक. त्यांच्या गाडीला चिखल असायचा, इंडिकेटर सुतळीने बांधलेला असायचा. मालक त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "बैल केलाय गाडीचा."

बारकी गाडी दारात आली तशी ती लग्नातही आली. पूर्वी जावई घड्याळासाठी रुसायचा, सायकलीसाठी रुसायचा. आता मोटारसायकलशिवाय हळदच लागेना. पोरीच्या बापाने काहीही करावं, पण मांडवात रुखवताशेजारी गाडी उभी पाहिजे, तिला हळदकुंकू लावलेलं पाहिजे. पोरगा शिकलेला असो-नसो, कामाला असो-नसो. मालकाचा मुलगा एका कापड दुकानात ठाण पसरायचं आणि घड्या घालायचं काम करायचा. सायकलवर जायचा. त्याचाही भाव एक मोटारसायकल होता.

मुलगा रुसला नव्हता, बाप रुसला होता. हे मला नंतर सुनेने नळावर सांगितलं.

मालक तरुणपणापासून साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होता. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्या त्याच्यासमोर वजनाला उभ्या राहायच्या. त्यात पाथर्डीकडच्या डोंगरातला त्याच्याच जातीचा एक ऊसतोड गाडीवान होता. त्याची खिलारी जोडी अख्ख्या यार्डात उठून दिसायची. शिंगं घासलेली, अंगाला धुळीचा कण नाही. मालकाने ते बैल बघितले, आणि ज्याचे बैल असे त्याचं घर कसं असेल, असा हिशेब करून त्याची पोरगी सून म्हणून मागितली. त्या माणसाचं बैलांशिवाय दुसरं काहीच नव्हतं, हे याला उमगलं नाही. वजन करण्यात जन्म गेला तरी.

हळदीच्या दिवशी मालक मांडवाबाहेर बाजेवर जाऊन बसला. जेवायला येईना.

"माझा पोरगा काय सायकलच्या दांड्यावर बायको आणणार का?" एवढंच बोलत राहिला.

गाडीवानाने रातोरात बैल विकले, बैलगाडी विकली. लग्न झालं. मोटारसायकल टेम्पोतून श्रीरामपूरला आली आणि डबल स्टँडवर लागली. त्यानंतर ती कुठे गेली ती दसऱ्याला, अंगणाच्या फाटकापर्यंत. झेंडूचा हार घालून मालक तिला ढकलत फाटकाशी नेई, रस्त्याकडे तोंड करून उभी करी, नारळ फोडी आणि ढकलत परत आणी. कोणी विचारलं तर म्हणे, "पेट्रोल संपलं."

चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला असायची. पोराला हात लावू देत नव्हता. पोरगा तिशी ओलांडलेला, पण बापाने "उभा राहा" म्हटलं की उभा आणि "बस" म्हटलं की बसलेला. त्याला गाडी शिकावीशी वाटत होती की नाही देव जाणे, त्याच्या तोंडून कधी काही निघालं नाही. अंगण अरुंद, जाता-येता माझा पदर गाडीला लागायचा. मालक ओट्यावरून उठून यायचा आणि तेवढी जागा पिवळ्या फडक्याने पुसायचा. मी बघते आहे हे बघून पुसायचा. मग मीही मुद्दाम लावायला लागले. दिवसातून चारदा उठवायची त्याला.

सून वीस वर्षांची असेल. अंगाने बारीक, पण पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन चालायची. आल्यापासून तिचं आणि माझं बरं जमलं, कारण दोघींशी घरात कोणी बोलत नव्हतं. तिच्या घरात माणसं असून, माझ्या घरात नसून.

दिवाळीच्या सुमाराला तिचा बाप तिला बघायला आला. हंगाम सुरू व्हायचा होता, टोळ्या निघाल्या होत्या. पण तो आता गाडीवान नव्हता. बैल नाहीत म्हटल्यावर त्याला ट्रकच्या टोळीत कोयता घ्यावा लागला होता. ज्याने आजवर ऊस बैलांकडून ओढून घेतला, त्याने आता उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पन्नाशीच्या पुढे. मी हे त्याच्या तोंडून ऐकलं, तो अंगणात चहा पीत होता. तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता.

चहा झाल्यावर तो गाडीपाशी जाऊन उकिडवा बसला. टायरवरून हात फिरवला. त्याच्या रबराचे बारीक केस अजून तसेच होते.

"पाव्हणं, ही चालती का न्हाई?"

"चालती म्हणजे काय! रोज चालू करतो," मालक म्हणाला.

"चालू करता, पण फिरवता का? जनावर नुसतं दावणीला ठिवलं तर पाय आखडत्यात त्याचं."

"हे जनावर नाही पाव्हणं, मशीन आहे."

"व्हय, तेबी खरं." मग जरा लाजून म्हणाला, "एक चक्कर मारा की. मला मागं घ्या. बघू तरी द्या, बैलाच्या जागी काय आलं ते."

मालकाने खाली वाकून चाक दाबल्यासारखं केलं. "आज हवा कमी आहे."

सून दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाहिलं. मी तिच्या जागी असते तर तोंडाला आलं ते बोलले असते. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, जोरात.

माघ महिन्यात तिचा बाप फळीवरून पडला. मोळी डोक्यावर होती, पाय सटकला. छातीला मार बसला. चार दिवस कोपीवर, टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, पडून राहिला, मग त्याला गावाला नेलं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला, शनिवार होता, सकाळची वेळ. सुनेच्या भावाचा निरोप: आण्णाचं काही खरं नाही, तुझ्या नावाने हाका मारतायत, असशील तशी निघ.

ती पिशवी भरून बाहेर आली तेव्हा कळलं की एसटी बंद आहे. कुठेतरी बस जाळली होती आणि आगारातून एकही गाडी सुटत नव्हती. पाथर्डीच्या पुढे जायचं, दुसरं काय मिळणार? समोरचे मास्तर गाडी घेऊन लगेच फाटकात आले. माणूस चांगला, जास्त बोलायचा नाही.

"चल पोरी, बस. दुपारच्या आत पोचवतो."

ती निघालीच होती. मालक ओट्यावरून म्हणाला, "थांबा मास्तर. दारात गाडी उभी असताना आमची सून लोकांच्या मागे बसून जाणार? तिकडची माणसं काय म्हणतील? गाडी दिली ती कशाला?"

"बरं, मग तुमच्या गाडीवर न्या."

"आज शनिवार. शनिवारी मी लांबचा रस्ता धरत नाही."

"मग गाडी द्या. मी चालवतो. गाडी तुमची, सून तुमची, मी नुसता ड्रायव्हर."

"परका हात लागला की इंजिनाची सवय मोडते."

सासऱ्याला ती मामा म्हणायची. "मामा, आण्णा हाका मारत्यात ओ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मुलगा खिशाला पेन लावून दुकानात जायच्या तयारीत उभा होता, तो पायातल्या चपलेकडे बघत होता.

माझं डोकं फिरलं. मी हातातलं सूप खाली टाकलं.

"मालक, तुम्हाला गाडी चालवता येत नाही. न यायला काय झालं, मलाही येत नाही. तेवढं बोला आणि पोरीला जाऊ द्या."

दारादारांत माणसं उभी होती.

"तू कोण गं मला सांगणारी?"

"शेवटच्या खोलीतली."

तो आत गेला. मला वाटलं, माघार घेतली. तो मफलर आणि गॉगल घालून बाहेर आला. करगोट्याची चावी सोडली. किक मारली, बराच वेळ नुसती रेस देत राहिला, सगळं अंगण धुराने भरलं. मग त्याने गाडी स्टँडवरून खाली घेतली. "बस," सुनेला म्हणाला. ती दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसली, मांडीवर पिशवी घेतली, पदर डोक्यावरून खोचला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिला वाटलं, निघाले.

मास्तर ओरडले, "क्लच हळू सोडा!" त्याने सोडला तो एकदम. गाडीने उडी मारली, फाटकाच्या खांबावर आदळली आणि आडवी झाली. सुनेचा पाय खाली सापडला. सायलेन्सर तिच्या पोटरीला चिकटला होता आणि ती ओरडत होती. मी आणि मास्तरांनी तिला ओढून काढलं. मालक पडला होता, पण त्याला फारसं लागलं नव्हतं. तो उठला, गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि पोराला म्हणाला, "बघ रे, टाकीला पोचा आलाय का."

आणि पोरगा वाकला. बायको फरशीवर पाय धरून बसली होती आणि हा टाकीवरून बोटं फिरवत होता.

"नाही आला," म्हणाला.

मास्तरांच्या बायकोने पोटरीवर ओलं फडकं बांधलं. मास्तर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. निघू." सून उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. एवढं होऊनही तिने त्याच्याकडेच पाहिलं, याचा मला आजही राग येतो. तो म्हणाला, "आता राहू दे. लोक बघतायत. उद्या एसटी सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी एसटी सुरू झाली. ती एकटी, भाजलेल्या पायाने, गाड्या बदलत गेली. बाप शनिवारी संध्याकाळीच गेला होता. तिची वाट बघून बघून त्यांनी सकाळी मातीचं उरकून घेतलं होतं.

दहाव्याला जायचं ठरलं तेव्हा मालकाने टेम्पो केला. स्वतःला जायला नव्हे, गाडीला न्यायला. "पाहुण्यांना गाडी दिसली पाहिजे," म्हणाला, "नाहीतर म्हणतील, विकून खाल्ली." रस्त्याने गाडी हलू नये म्हणून मागे धरून बसायला माणूस हवं होतं. तो माझ्या दाराशी आला. "तुझा हात घट्ट आहे," म्हणाला. माझा पदर लागला तरी जिला पुसायचा, तिला त्या दिवशी मी मिठी मारून बसायचं. मी गेले. पोरीसाठी गेले.

गाव उतारावर होतं. वरच्या टेपाडावर त्याने टेम्पो थांबवायला लावला, गाडी उतरवली, गॉगल घातला. इंजिन चालू केलं, गिअर मात्र टाकला नाही. पोराने आणि टेम्पोवाल्याने मागून ढकललं आणि हा उताराने आवाज करत, हॉर्न वाजवत गावात शिरला. दहाव्याला जमलेली माणसं उठून उभी राहिली. थांबवायची कशी हे माहीत नसल्याने तो दोन्ही पाय घासत नेत होता. एक चप्पल वाटेत राहिली.

सून बायकांत बसली होती. लंगडत पुढे आली, गाडीकडे पाहिलं, मग वर टेपाडाकडे पाहिलं. तिथे टेम्पो दिसत होता.

"मामा, टेम्पो त्या दिवशीबी मिळाला असता की."

मालक चप्पल शोधायला गेला.

नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला. आमच्यात हे नाही, मी लांब बाभळीखाली उभी होते. कावळे होते, पण एकही जवळ येईना. मग नेहमीप्रमाणे माणसं एकेक कबूल करायला लागली. धाकट्याचं लग्न करू. म्हातारीला अंतर देणार नाही. कावळा येईना. एक म्हातारा म्हणाला, "पोरीत जीव गुतलाय त्याचा. तिला बोलू द्या."

सून पिंडासमोर गेली. हात जोडले नाहीत.

"आण्णा, मी परत जात न्हाई," म्हणाली. "हितंच ऱ्हाते."

मला वाटलं, आता तरी पाखरू उतरेल. मी या गोष्टी मानत नाही, तरी वाटलं. कावळा जागचा हलला नाही. तिचा भाऊ पुढे आला आणि तिचा दंड धरला.

"येडी झाली का? परवा मी आन् आई कारखान्यावर माघारी जानार. आण्णानं मुकादमाकडनं घेतलेली उचल फेडायची हाय, कोयता सोडता येत न्हाई. घराला कुलूप लागंल. तुला कुनाच्या दारात ठिवू?"

ती आईकडे बघत राहिली. आईने डोळ्याला पदर लावला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. शेवटी कोणीतरी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि माणसं जेवायला उठली.

निघताना भावाने स्वतः तिची पिशवी टेम्पोत टाकली. मालक आणि मुलगा पुढे केबिनमध्ये बसले. मागे दोरांनी बांधलेली गाडी, तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. रस्ता खडीचा. गावाबाहेर पडलो तसा मालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सूनबाई, आरसा हलतोय. आरसा धरा!"

ती पाय लांब करून बसली होती, पोटरीला अजून चिंधी होती. उठली आणि दोन्ही हातांनी आरसा धरला.

मी म्हटलं, "सोड गं तो. फुटला तर फुटू दे."

"न्हाई मावशी," ती म्हणाली, "फुटला तर नवा आईकडं मागतील."